पांढरा शर्ट, काळी छत्री

सिल्वासा म्हटलं की बाहेरच्या लोकांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू येतं, ते मला पाठ आहे. मावसभाऊ लग्नात भेटला की डोळा मारून विचारतो, "काय मग, तुमच्याकडं स्वस्त ना?" तर आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत कुणी पीत नाही. दुसरं म्हणजे, विक्षिप्त म्हाताऱ्याची आठवण म्हटली की तुम्ही रुमाल काढून तयार बसता. वरून खडूस, आतून गोड, आणि शेवटच्या पानावर जातो. हा जात नाही. पुण्यात ठणठणीत आहे. मी काल टाकलेल्या लग्नाच्या फोटोवर त्याचा मेसेज आलाय, "नवरदेवाचा फेटा उजेडात उडाला. झोपला होतास का?" आणि तिसरं, तुम्हाला वाटेल की मी त्याच्या पायाशी बसून काहीतरी शिकलो. शिकलो असेनही. पण मुख्य म्हणजे मी त्याच्यावर जळायचो. मनापासून, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

खडोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात तो क्वालिटीचा साहेब होता. माझे आप्पा त्याच कारखान्यात मशिनीवर. म्हणजे आप्पा धागा काढायचे आणि हा धागा नापास करायचा. एवढ्यावर दोन माणसांचं वैर व्हायला हरकत नव्हती, पण झाली दोस्ती. आणि त्या दोस्तीत मी, आप्पांचा एकुलता एक मुलगा, लग्नाचे फोटो काढणारा, स्वतःचा डिजिटल कॅमेरा असलेला, इन्स्टावर बऱ्यापैकी चालणारा, मी उन्हात बॅगा सांभाळत उभा.

त्याला फिल्मचं वेड होतं. आता फिल्मवाले बरेच असतात, गळ्यात कॅमेरा लटकवून चहाच्या टपरीचे फोटो काढतात. हा तसा नव्हता. याला फोटो काढायचेच नव्हते, याला कॅमेरा तपासायचा होता. एक माणूस बसवायचा, त्याच्या अंगात पांढरा शर्ट, हातात उघडलेली काळी छत्री, मांडीवर उजेड मोजायला करड्या रंगाचा पुठ्ठा. मग तोच फोटो परत परत काढायचा, दरवेळी उजेड थोडा वाढवून, मग थोडा कमी करून. उजेडाच्या या एका पायरीला स्टॉप म्हणतात. शर्टाचं विणकाम कुठल्या पायरीला नाहीसं होतं आणि छत्रीच्या आतल्या काड्या कुठल्या पायरीला अंधारात बुडतात, एवढंच त्याला बघायचं. आधी फिल्मवर, मग डिजिटलवर. दर रविवारी.

मी त्याला एकदा म्हटलं, "सर, हे सगळं नेटवर तयार मिळतं. कोणीतरी आधीच टेस्ट केलेलं असतं."

त्यानं घसा दोनदा खाकरला. "हे पहा. तुझं लग्न. कोणीतरी आधीच केलेलं असतं. म्हणून तू करणार नाहीस का?"

तो असाच बोलायचा. वाक्याचे तुकडे करायचा आणि शेवटचा तुकडा नाकातून सोडायचा. मला हा आवाज दुसऱ्याच दिवशी जमला. तसे मला सगळेच जमतात. आमच्या शाळेचे हेडमास्तर, आमच्या गल्लीतला गुजराती किराणावाला, वापीच्या बसचा कंडक्टर. पण या आवाजाला मित्रांमध्ये वन्स मोअर मिळायचा. कोणाचं जेवण आलं की मी खाकरायचो, "हे पहा. ही भाजी. एक स्टॉप अंडर आहे."

आणि एके दिवशी घरी जेवताना आप्पांनी डाळ तोंडात घातली आणि खरोखरच म्हणाले, "अर्धा स्टॉप अंडर वाटते."

आई म्हणाली, "मग उठा आणि मीठ घ्या."

आई हसत होती. अहो, मी या घरात इतकी वर्षं फोटो काढतोय. आप्पांच्या हातात मोबाइल देऊन म्हणायचो, "आप्पा, बघा ना, कालचं लग्न, दमणला होतं." ते बोटानं सरसर सरकवायचे, जसं चुकीच्या घरी आलेलं लाइटबिल बघावं. "बरं आहे." बस. आणि त्या माणसानं बोटाएवढे फोटो एका कागदावर छापून आणले की तेच आप्पा भिंग घेऊन खाटेवर मांडी घालायचे. "साहेब, हा पहा तिसरा. ह्यात खिशाची शिवण दिसते. चौथ्यात गेली ती." आणि साहेब मान डोलवायचा, "बरोबर. आप्पासाहेब, बरोबर."

आप्पासाहेब. हे आणखी एक. आमच्या आप्पांना धुळ्याकडून इथं आल्यापासून कोणी साहेब म्हटलेलं नाही. सुपरवायझर म्हणायचा "ए काका", कॉन्ट्रॅक्टरची पोरं म्हणायची "ओ धुलिया". हा पहिल्या दिवसापासून आप्पासाहेब. मी घरी आप्पांना आप्पा म्हणायचो, तर आता ते मला अर्धवट वाटायला लागलं.

आप्पांनाच का बसवलं, त्याचं कारण होतं. कॅन्टीनमध्ये त्यानं बऱ्याच जणांना बसवून बघितलं होतं. कोणाला खाज यायची, कोणाचा फोन वाजायचा. आप्पा हलत नाहीत. मशिनीसमोर जन्म गेला, धागा तुटेपर्यंत एका जागी उभं राहायचं आणि तुटला की झडप घालायची. त्याला असा माणूस सापडला म्हणजे हिराच. मी आप्पांना एकदा माझ्यासाठी बसवलं होतं, दिवाळीत. "झालं का?" "एक मिनिट आप्पा." "झालं का?" "लेन्स बदलतो." "मी चाललो." गेले.

त्याचं एक वाक्य होतं, "डोळा लाच खातो." म्हणजे असं की सावलीत गेलं की आपली बुबुळं मोठी होतात, उन्हात आलं की बारीक, आणि डोळा आपल्याला सांगतो की सगळं व्यवस्थित दिसतंय. खोटं सांगतो. उजेड मोजणारा मीटर लाच खात नाही. म्हणून तो मीटर घेऊन फिरायचा, खिशात पेन असावा तसा. वासोण्याला सिंह बघायला गेलो होतो आम्ही, आप्पांच्या हट्टानं, तर जाळीच्या बसमध्ये सगळे श्वास रोखून बसलेले. सिंह झाडाखाली आला, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. पोरं मोबाइल घेऊन खिडकीवर पडली. हा मीटर धरून जाळीतून मनगट बाहेर काढतोय. गार्ड ओरडला, "अंकल, हाथ अंदर, हाथ." यानं हात आत घेतला, आकडा बघितला, कॅमेरा डोळ्याला लावला, तोवर सिंह झुडपात. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी म्हटलं, "सर, सिंह गेला."

"जाऊ दे," म्हणाला. "त्याच्या सावलीचं. रीडिंग मिळालं."

आप्पा परतीच्या वाटेवर माझ्याकडं वळून म्हणाले, "पाह्यलं? धीर पाहिजे माणसाला." माझ्याकडं सिंहाचे चांगले फोटो होते, शेपटीसकट. विचारलं नाही कोणी.

आता खरं भांडण. आप्पा रिटायर होणार होते. त्यांच्या खात्यात एक पद्धत आहे, माणूस निघताना कॅन्टीनमध्ये शाल, नारळ आणि मोठ्या फ्रेममध्ये त्याचाच फोटो. बरोबरचे लोक वर्गणी काढून करतात. फ्रेम घेऊन माणूस घरी येतो आणि ती समोरच्या भिंतीवर लागते, मग मरेपर्यंत तीच. नंतर तर हार घालून तीच. मी गृहीतच धरलं होतं की फोटो माझा. घरात फोटोग्राफर असताना आणखी कोणाचा? मी जेवताना सहज म्हटलं, "आप्पा, फ्रेमच्या फोटोचं कधी करायचं?"

आप्पा म्हणाले, "ते साहेब काढून देणार आहे."

मी भात कालवत राहिलो. आईनं माझ्याकडं बघितलं आणि मला न विचारता तूप वाढलं.

रविवारी मी त्याला सरळ विचारलं. म्हटलं, "सर, आप्पांचा फोटो मी काढणार. मी मुलगा आहे."

"मुलगा आहेस. हे क्वालिफिकेशन नाही," तो म्हणाला. पण मग थांबला, खाकरला. "करू या. एकच माणूस, एकच ऊन, दोन कॅमेरे. जो पास होईल. तो फ्रेममध्ये."

आप्पांना पसंत पडलं. त्यांना टेस्ट म्हटलं की सगळंच पसंत.

जागा राखोलीची, पुलापासून जरा खाली, दमणगंगेच्या काठावर. वेळ भर दुपारची. सकाळच्या कोवळ्या उन्हात का नको, विचारलं तर म्हणे, "चांगल्या उजेडात सगळेच चांगले." घडीची खुर्ची, पांढरा शर्ट, काळी छत्री. आप्पांचा चेहरा छत्रीच्या सावलीत, बाही आणि गुडघे रणरणत्या उन्हात, मागं चकाकणारं पाणी. कॅमेऱ्याची याहून वाईट चेष्टा करता येणार नाही. चेहरा दिसेल एवढा उजेड घ्यावा तर शर्ट पांढरा फटक, शर्ट सांभाळावा तर चेहरा कोळसा.

यातली गंमत त्यानंच मला सांगितली होती, ते मान्य करायला पाहिजे. फिल्मला उजेड जास्त खाऊ घातला तरी पचतो, उपाशी ठेवलं की सावल्या मरतात. डिजिटलचं उलटं. उपाशी ठेवा, नंतर कंप्युटरवर उठवून बसवता येतं. पण एकदा का पांढरं उतू गेलं की गेलं, त्यात परत शोधायला काही उरत नाही. म्हणून फिल्मवाला सावली मोजतो आणि डिजिटलवाल्यानं पांढऱ्याला जपायचं. मी सुरुवातीला जपलं. उजेड कमी ठेवून काही फोटो घेतले, शर्ट वाचला, चेहरा काळपट. घरी जाऊन कंप्युटरवर उचलता आला असता.

पण चेहऱ्यात उचलण्यासारखं काही नव्हतंच. आप्पा फोटोत बसत नाहीत, ड्यूटीवर बसतात. पाठ खुर्चीला टेकलेली नाही. कुठंच टेकत नाही ती, लग्नात, दवाखान्यात, स्वतःच्या घरात. कोणीतरी हाक मारेल आणि उठावं लागेल, असं बसणं.

एवढ्यात त्याचा रोल संपला. रोल सावलीत उभं राहूनसुद्धा बदलता येतो, पण हा गाडीत जायचा, काचा वर करायचा आणि काचांना टॉवेल लावायचा. जाताना म्हणाला, "आप्पासाहेब, समोरच्या काठावर बघा. मी येऊन सांगेपर्यंत. मान हलवायची नाही."

आप्पांनी मान हलवली नाही. मी त्यांच्या बाजूला, थोडा मागं. त्यांना मी दिसत नव्हतो. वर गाडीचा दरवाजा बंद झाल्याचा आवाज पाण्याच्या खळखळीत आप्पांना आला नसेल. आणि मला, खरं सांगतो, चेष्टाच करायची होती. घसा दोनदा खाकरला.

"आप्पासाहेब."

"हां साहेब," आप्पा समोर बघतच म्हणाले.

तो मऊ आवाज. मला कधी "हां" असं म्हटलेलं नाही त्यांनी. मला "काय आहे?" असतं. चेष्टा बाजूला राहिली. आणि त्याच आवाजात, तसेच तुकडे करून, मी म्हटलं, "आप्पासाहेब. तुमचा रिलिव्हर आला. मशिनीवर. उभा आहे तो. तुम्ही बसा."

धाग्याच्या खात्यात रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन तुमच्या जागेवर उभा राहिल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. नाही आला तर तुमची पाळी संपूनही तुम्ही तिथंच, भूक असो, ताप असो, घरी पोराचा वाढदिवस असो. माझ्या लहानपणीचे निम्मे वाढदिवस आप्पांचा रिलिव्हर न आल्यामुळं केक कापून झाल्यावर साजरे झालेत.

आप्पांचे खांदे खाली आले. आधी डावा, मग उजवा. पाठ हळूच खुर्चीला टेकली आणि खुर्ची कुरकुरली. तोंड जरासं उघडलं, आणि कपाळावरची मधली आठी, जिला मी जन्मापासून हाडच समजत होतो, ती गेली. मी बटण दाबलं. सावलीतला चेहरा दिसावा म्हणून उजेड मी मघाशीच वाढवून ठेवला होता, बाहीचा विचारही डोक्यात आला नाही.

मग ते खुर्चीत जरा वळले, मी दिसलो. "तू काय उभा इथं? सरक, साहेबाच्या फोटोत येशील." आठी परत जागेवर. दुकानाचं शटर पाडावं तसं.

घरी जाऊन कंप्युटरवर तो फोटो उघडला आणि बघत बसलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. आणि तो चेहरा माझ्यासाठी नव्हता, त्या आवाजासाठी होता. स्वतःच्या फोटोवर जळणारा फोटोग्राफर तुम्ही पाहिला नसेल.

त्याचे रोल मुंबईला धुवायला जायचे, म्हणून निकाल लागायला वेळ लागला. शेवटी एका संध्याकाळी तो आमच्याकडं आला, चपला नीट जोडून ठेवल्या आणि आमच्या खाटेवर त्याचे आणि माझे फोटो ओळीनं मांडले. आप्पा भिंग घेऊन तयार. आई ओट्यापाशी चहा टाकत होती.

आधी त्याचे फोटो बघितले. शर्टाची वीण दिसत होती आणि छत्रीच्या काड्याही. उन्हातलं पाणीसुद्धा पाणी दिसत होतं. "पास," तो म्हणाला, पण अगदी कोरडं. माझे काळपट, उचललेले फोटो बघितले, सावलीत बारीक रवा पडल्यासारखा दिसत होता. "काठावर पास."

मग तो फोटो आला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाही कुठं आहे?" म्हणाला.

"नाही सर."

"बाही आणि नदी. एकच झालंय. हा फेल."

"हो सर."

"आणि हाच लावायचा."

आप्पांनी भिंग खाली ठेवलं. तो फोटोकडं बघतच बोलत होता, नाकातून नाही, साध्या आवाजात. "एवढे रविवार मी यांना बसवलं. माझ्यापुढं ते हजेरी दिल्यासारखे बसतात. हा माणूस मला एकदाही दिसला नाही रे. तुझ्यापुढं बसला." आणि त्याच्या बोलण्यात एक धार होती, ती मी लगेच ओळखली. रोज माझ्याच पोटात असायची ती. साहेब माझ्यावर जळत होता. मी ते सुख जिलबीसारखं तोंडात फिरवत होतो.

"काय म्हणालास तू त्यांना?"

"काही नाही सर. ते आपलं, मूड बनवला थोडा."

"अहो साहेब, तो काय म्हणतो?" आप्पा म्हणाले. "तुम्हीच म्हटलं ना."

"मी?"

"रोल बदलून आले ना तुम्ही, तवा. म्हटलं, आप्पासाहेब, तुमचा रिलिव्हर आला, तुम्ही बसा."

"मी गाडीत होतो," तो म्हणाला. "आणि रिलिव्हर. मी कशाला म्हणेन? मला काय माहीत तुमच्या पाळीचं?"

मग दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. ओट्यापाशी आई पदर तोंडात धरून हसत होती, तिला आधी कळलं.

पहिला तो सुरू झाला. "नक्कल केलीस. त्याचं मला काही नाही. पण शर्ट? माझा आवाज घेतलास तर मीटरही घ्यायचा होतास. खिशातच होता माझ्या, मागायचा. एक पायरी कमी केली असती तर बाही वाचली असती. एवढा चेहरा मिळाला आणि तू बाही घालवलीस, गाढवा. आणि मी खाकरतो का असा? दोनदा?"

"दोनदाच खाकरता साहेब," आप्पा म्हणाले.

मला हसू आलं, आणि तिथंच चूक झाली.

"हसतो काय?" आप्पा खाटेवरून उठले. "साहेबाच्या तोंडून खोटं बोलतो? रिलिव्हर आला म्हणे. मी तिथं उन्हात मान धरून बसलो आणि तू मागून नाटक करून राहिला. मला खरंच वाटलं ना. मी मनात म्हटलं, चला, आलं बुवा कोणीतरी, आता बसू. साहेबानं म्हटलं म्हणून बसलो का मी? ते वाक्य साहेबाचं होतं का? साहेबाला ठाव तरी आहे का रिलिव्हर म्हणजे काय? तुला ठाव होतं. मग हे तुझ्या तोंडानं म्हणायला काय झालं होतं तुला? सगळ्या गावाचे आवाज काढतो, मास्तरचा काढतो, किराणावाल्याचा काढतो, कंडक्टरचा काढतो, आणि बापापाशी आला की दोन शब्द. बघा ना आप्पा, बरं आहे ना आप्पा. असं म्हटलं असतं तू, की आप्पा, बसा आता, तर मी काय उठून पळालो असतो? एकदा म्हणून तरी पाहायचं. आता उभा काय राहिला माझ्या तोंडाकडं पाहत? जाय, फ्रेमवाल्याचं दुकान बंद होईल. तो फोटो दे त्याला, मोठा करायला सांग. आणि त्याच्यापाशी तरी तुझ्याच आवाजात बोल."